निदान झाल्यावर

‘निदान’ हा शब्द मोठा विलक्षण आहे. वैद्यकांत त्याचा अर्थ रोग नेमका ओळखणें असा आहे. नित्याच्या बोलण्यांत मात्र ‘निदान एवढें तरी करा’ असें आपण म्हणतों, तेव्हां त्यांत अगदीं किमान अपेक्षा बोलून दाखविलेली असते. ज्या घरीं कर्करोगाचें निदान होतें, त्या घरास या दोन्ही अर्थांचा प्रत्यय एकाच दिवशीं येतो. डॉक्टर पहिल्या अर्थानें बोलत असतात, आणि घरचीं माणसें मनांतल्या मनांत दुसरा अर्थ घोळवीत असतात: निदान दिवाळीपर्यंत तरी, निदान मुलीचें लग्न होईपर्यंत तरी!

कर्करोग हें नांवही आपलें मूळचें नव्हे. सुश्रुतानें अशा गांठींस अर्बुद म्हटलें आहे. ग्रीक वैद्यांनीं या रोगास खेकड्याचें नांव दिलें, लॅटिन भाषेंत तेंच ‘कॅन्सर’ झालें, आणि त्याचें भाषांतर करून आपण कर्क केला. नांग्यांनीं घट्ट धरून बसणाऱ्या प्राण्याची ही उपमा इतकी चपखल बसली कीं, उपचार पुष्कळ पुढें गेले तरी नांवाची धास्ती कांहीं सुटत नाहीं. २०२२ सालच्या जागतिक अंदाजाप्रमाणें भारतांत त्या एका वर्षांत सुमारें १४ लाख लोकांस हा रोग नव्यानें झाल्याचें आढळलें. म्हणजे वाचकांपैकीं बहुतेकांच्या नात्यागोत्यांत हा पाहुणा केव्हांना केव्हां येऊन गेलेला असावयाचा. स्तन, तोंड, गर्भाशयाचें मुख यांचे कर्करोग लौकर सांपडले तर पुष्कळदां पूर्णपणें बरे होतात, हेंही आतां सर्वांस ऐकून ठाऊक आहे. तरीहि डॉक्टरांच्या खोलींतून बाहेर पडलेल्या माणसास त्या ऐकीव ज्ञानाचा त्या क्षणीं कांहींएक उपयोग होत नाहीं. आम्ही वैद्य नव्हों. रोगाच्या चिकित्सेविषयीं लिहिण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. रोगाबरोबर जी भीति घरांत शिरते, तिच्याविषयीं मात्र चार शब्द लिहावे असें वाटतें, कारण ती आम्हीं जवळून पाहिली आहे व तिच्याविषयीं थोडेंफार वाचलेंही आहे.

ही भीति केवळ मनांत राहत नाहीं. भगवद्गीतेचा पहिला अध्याय आम्ही पुष्कळ वर्षें विद्यार्थ्यांस शिकविला. त्यांत अर्जुन आपली अवस्था स्वमुखानें सांगतो: गात्रें गळाल्यासारखीं होणें, तोंडास कोरड पडणें, अंगास कांपरें भरणें, हातांतलें धनुष्य निसटणें, अंगाची आग होणें, मन भ्रमणें. आजचा मानसोपचारतज्ज्ञ तीव्र चिंतेचीं म्हणून जीं लक्षणें सांगतो, त्यांतील निम्मीं तरी येथें आलेलीं आहेत. संकट दिसतांच मूत्रपिंडांवर असलेल्या ग्रंथींतून ॲड्रिनॅलिन नांवाचें द्रव्य रक्तांत येतें. त्यामुळें छाती धडधडते, श्वास उथळ होतो, पोटांतील पचनाचें काम मंदावतें. पळावें किंवा लढावें यासाठीं निसर्गानें केलेली ही तयारी आहे. परंतु तपासणीच्या अहवालापासून पळतां येत नाहीं व त्याच्याशीं दोन हातही करतां येत नाहींत. म्हणून तयारी तशीच अंगांत राहते, आणि रात्रीं दोन वाजतां माणूस अंथरुणांत टक्क जागा असतो. याला भित्रेपणा म्हणणें अन्यायाचें आहे; अर्जुनास कोणी भित्रा म्हणत नाहीं.

येथें आणखी एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. श्रीकृष्णांनींही प्रथम दोन श्लोकांत अर्जुनास झिडकारूनच पाहिलें. त्यानें काम झालें नाहीं. अर्जुन तसाच बसून राहिला. मग पुढें सारें संभाषण झालें, शिष्यास शंका विचारूं दिल्या, त्याच त्या शंका पुन्हां आल्या तरी कंटाळा केला नाहीं, आणि शेवटीं अठराव्या अध्यायांत निर्णय अर्जुनावरच सोपविला. आमच्या घरोघरीं मात्र पहिल्या दोन श्लोकांवरच काम भागविण्याची रीति आहे. ‘धीर धरा’, ‘मन घट्ट करा’, ‘काळजी करूं नका’ एवढें म्हटलें कीं आपलें कर्तव्य झालें असें भेटीस येणारास वाटतें. चिता व चिंता यांतील एका अनुस्वाराचें सुभाषित रोग्याच्या उशाशीं बसून ऐकविणारे गृहस्थही आम्हीं पाहिले आहेत. विद्वत्तेचा इतका अप्रासंगिक उपयोग दुसरा क्वचितच असेल.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. रोग्यास सांगावें कीं नाहीं?

१९६१ सालीं अमेरिकेंत शिकागो येथील एका रुग्णालयांतील २१९ डॉक्टरांस हा प्रश्न विचारला होता. शेंकडा ९० डॉक्टरांचा कल रोग्यास कर्करोगाचें नांव न सांगण्याकडे होता. १९७९ सालीं तीच प्रश्नावली तिकडील दुसऱ्या डॉक्टरांपुढें ठेवली असतां शेंकडा ९७ जणांनीं सांगण्याच्या बाजूनें उत्तर दिलें. अवघ्या १८ वर्षांत पारडें असें उलटलें. याचें एक कारण उपचार सुधारले हें, व दुसरें, ज्याचें शरीर त्याचा जाणण्याचा हक्क ही कल्पना रुजली हें. आपल्याकडे डॉक्टर सांगावयास तयार असले तरी घरचीं माणसें त्यांस बाहेर गांठून हात जोडतात: ‘त्यांच्यापुढें नांव काढूं नका.’ यामागें प्रेम असतें याविषयीं आम्हांस मुळींच शंका नाहीं. परंतु प्रेमानें केलेली प्रत्येक गोष्ट ज्याच्यासाठीं केली त्यास सुखकर होतेच असें नाहीं.

२०२३ सालीं आमच्या वडील वहिनींच्या स्तनांत गांठ आढळली. तुकडा काढून तपासावयास पाठविला. अहवाल येण्यास आठ दिवस लागले. अहवाल आला तो पुतण्याच्या मोबाइलवर. दादांनीं सर्वांस माजघरांत बोलावून बजाविलें कीं, वहिनींस ‘साधी गांठ आहे, पण काढावी लागेल’ इतकेंच सांगावयाचें. आमचें मत निराळें होतें व तें आम्हीं तेथल्या तेथें सांगितलें. पण घरांतील वडील माणसानें डोळ्यांत पाणी आणून सांगितल्यावर तरुण मंडळींची मान आपोआप हलली.

सहा दिवस हें नाटक चाललें. एकत्र कुटुंबांत चौदा माणसांनीं एक गुपित सांभाळणें म्हणजे चाळणींत पाणी भरून नेणें होय. वहिनी स्वयंपाकघरांत आल्या कीं बोलणें थांबे. थोरली सून त्यांच्या हातून विळी काढून घेई. जिनें सासूबाईंशीं मिठाच्या प्रमाणावरून दहा वर्षें वाद घातला, ती एकाएकीं ‘तुम्ही म्हणाल तसें’ म्हणूं लागली. सातव्या दिवशीं दुपारीं आम्ही ओसरीवर वर्तमानपत्र वाचीत बसलों असतां वहिनी येऊन समोर बसल्या.

‘भाऊजी, तुम्हीं जन्मभर मुलांना खरें बोलायला शिकवलंत. मला तेवढं सांगा, तोच आहे ना?’

आम्हीं दादांस हाक मारली व त्यांच्यासमक्ष ‘होय’ म्हटलें. दादा खालीं मान घालून बसले. वहिनी घटकाभर कांहीं बोलल्या नाहींत. नंतर म्हणाल्या, ‘मला वाटलंच होतं. सून भांडेनाशी झाली तेव्हांच ओळखलं मीं.’ आणि मग ज्या प्रश्नासाठीं आम्ही सारे मृत्यूच्या विचारानें भेदरलों होतों, त्याच्या जागीं त्यांनीं भलताच प्रश्न विचारला: ‘हात वर जाईना तर मला न्हाऊ कोण घालणार?’ सुनेच्या हातून स्नान करून घ्यावें लागेल, ही त्यांची भीति होती. मरणाचा विचार त्यांनींही केला असेलच. पण त्या सात रात्री त्यांची झोप उडविली ती या गोष्टीनें. आणि तिचें उत्तर तर सोपें होतें. त्यांची धाकटी बहीण शस्त्रक्रियेच्या वेळीं येऊन महिनाभर राहिली. न विचारतां हें कोणास कळलें असतें?

सांगावें म्हणजे सारें एकदम अंगावर ओतावें असा याचा अर्थ नव्हे. कांहीं रोग्यांस खरोखरीच तपशील नको असतो, व तो न ऐकण्याचा त्यांस हक्क आहे. कुशल डॉक्टर आधीं विचारतात: तुम्हांस काय वाटतें आहे, किती जाणून घ्यावयाचें आहे, घरांतील कोणास बरोबर ठेवावयाचें आहे. रोगी जेवढें विचारील तेवढें खरें सांगावें, आणि खोटें मात्र कांहीं सांगूं नये. एवढी मर्यादा पाळली तरी पुष्कळ साधतें.

या मानसिक बाजूकडे पाश्चात्य वैद्यकानेंही उशीराच लक्ष दिलें. न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग रुग्णालयांत १९७७ सालीं डॉ. जिमी हॉलंड या विदुषींनीं कर्करोग्यांच्या मनाचा विचार करणारा स्वतंत्र विभाग सुरू केला. ताप, रक्त, गांठीचें माप यांची नोंद होते, पण रोग्यास काय वाटतें याची नोंद कोणीच करीत नाहीं, हा त्यांचा आक्षेप होता. पुढें त्यांच्या परंपरेंतून एक साधें साधन निघालें. कागदावर तापमापकाचें चित्र असतें, त्यावर ० पासून १० पर्यंत आंकडे. गेल्या आठवड्यांत मनास किती त्रास झाला तें रोग्यानें खूण करून दाखवावयाचें. ४ किंवा अधिक आल्यास पुढील चौकशी करावयाची. ‘मनोविकार’ असा शब्द वापरला तर लोक बिचकतात म्हणून ‘त्रास’ या अर्थाचा साधा शब्द मुद्दाम योजलेला आहे. ज्या घरांत पुरुषमाणसें ‘मी ठीक आहें’ यापलीकडे बोलत नाहींत, तेथें ही युक्ति विशेष उपयोगी पडेल. शब्द सुचत नाहीं, पण गुण देतां येतात.

दुसरा एक समज मोठ्या सुशिक्षित घरांतही आम्हांस आढळला. रोगी रडला, निराश झाला, तर रोग बळावतो. सदा प्रसन्न राहिला तर तो बरा होतो. बिचाऱ्यास रोगाची चिंता असतेच. आतां चिंता केल्यामुळें रोग वाढेल ही आणखी एक चिंता आपण त्याच्या पदरांत टाकतों! या बाबतींत प्रत्यक्ष प्रयोग झालेले आहेत. १९८९ सालीं डॉ. डेव्हिड स्पीगल यांनीं, रोग शरीरांत पसरलेल्या ८६ स्त्रियांच्या अभ्यासावरून असें प्रसिद्ध केलें कीं, दर आठवड्यास एकत्र बसून मन मोकळें करणाऱ्या स्त्रिया इतरांपेक्षां सरासरीनें सुमारें दीड वर्ष अधिक जगल्या. जगभर मोठी आशा उत्पन्न झाली. परंतु २००१ सालीं कॅनडांतील डॉ. पामेला गुडविन व त्यांचे सहकारी यांनीं २३५ स्त्रियांवर तोच प्रयोग केला, तेव्हां आयुष्य वाढल्याचें दिसलें नाहीं. मनाचा त्रास मात्र कमी झाला व वेदनाही कमी जाणवूं लागल्या. आम्हांस हा दुसरा निष्कर्ष निराशेचा वाटत नाहीं, उलट मोठा सुटकेचा वाटतो. रडल्यानें गांठ वाढत नाहीं, मग रडूं द्यावें. मन हलकें करावयाचें तें दिवस बरे जावेत म्हणून.

तें कसें करावें? सर्वांत कठीण काळ अहवालाची वाट पाहण्याचा असतो. एकदां उपचार ठरला, तारखा पडल्या, कीं पुष्कळांचें मन थोडें स्थिर होतें. म्हणून त्या मधल्या दिवसांत हातांस काम असावें, आणि रात्रीं मोबाइल उशाखालीं नसावा. मध्यरात्रीं त्यांत रोगाचें नांव घालून वाचीत बसणें म्हणजे अंधारांत अनोळखी विहिरींत डोकावणें आहे. वहिनींनीं एक जुनी वही घेतली. एका बाजूस दुधाचा हिशेब, दुसऱ्या बाजूस डॉक्टरांस विचारावयाचे प्रश्न. डॉक्टरांपुढें माणूस निम्में विसरतो व ऐकलेल्यांतील निम्में चुकीचें ऐकतो. यास्तव बरोबर एक शांत माणूस असावा व त्यानें उत्तरें लिहून घ्यावीं. चौघांनीं जाऊं नये.

मानसोपचारांत ‘काळजीची वेळ’ नेमून देण्याची एक पद्धति आहे, ती आम्हां शाळामास्तरांस फार आवडली. दिवसांतून ठराविक वीस-तीस मिनिटें काळजीसाठींच राखून ठेवावयाचीं. इतर वेळीं काळजी डोकावली कीं ‘आतां नव्हे, चार वाजतां’ असें तिला सांगावयाचें. हास्यास्पद वाटतें खरें, पण पुष्कळांना उपयोग होतो. याशिवाय एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरांनीं १९२९ सालीं स्नायु शिथिल करण्याची एक रीति पुस्तकरूपानें मांडली. पावलांपासून कपाळापर्यंत एकेक स्नायु पांच-सात सेकंद आवळावा व मग सैल सोडून तो फरक अनुभवावा. शवासन करणारांस यांत परकें कांहींच वाटणार नाहीं. शस्त्रक्रिया झालेला भाग मात्र डॉक्टरांस विचारल्याखेरीज आवळूं नये. डॉक्टरांनीं मना केलें नसेल तर रोज थोडें चालावें. थकवा व चिंता या दोहोंवर चालण्याचा गुण येतो.

प्रत्येक बेचैनी मनांतूनच येते असेंही समजूं नये. रासायनिक उपचाराबरोबर ओकारी थांबविण्यासाठीं डेक्सामेथासोन नांवाचें औषध पुष्कळदां देतात; त्यानें झोप उडते व जीव तगमगतो. वेदना नीट आटोक्यांत नसेल, रक्त कमी असेल, श्वास लागत असेल, तरी माणूस घाबरा होतो. हें डॉक्टरांच्या कानांवर घातलें तर औषधाची वेळ बदलणें किंवा दुसरा उपाय योजणें त्यांच्या हातीं असतें. उलट शेजाऱ्याची झोपेची वा मनाची गोळी मागून घेणें धोक्याचें आहे. पॅरोक्सेटिन हें मनाच्या विकारावरचें एक औषध टॅमॉक्सिफेन या स्तनकर्करोगावरील औषधाचें कार्य मंद करूं शकतें, एवढें एकच उदाहरण पुरे.

समाचारास येणाऱ्यांविषयीं फार लिहीत नाहीं. अमक्याच्या मावशीचें काय झालें ही कथा दारांतच थांबवावी, व अमका काढा, तमके बाबा यांची यादी घरांतील एकानेंच ऐकून घ्यावी. हा रोग स्पर्शानें लागत नाहीं. रोग्याचें ताटवाटी वेगळें मांडणारीं घरें अजून आहेत, तीं त्यास औषधाच्या सुईहून अधिक टोंचतात.

मुलांविषयीं मात्र आम्ही अधिकारानें बोलूं शकतों. एकदां पांचवींतील एक चुणचुणीत मुलगा महिन्याभरांत इतका मागें पडला कीं, सोपी वजाबाकीही त्यास जमेना. मधल्या सुट्टींत जवळ घेऊन विचारलें तेव्हां कळलें कीं, आई मुंबईस मोठ्या दवाखान्यांत होती व घरीं त्यास ‘आई मामाकडे गेली’ असें सांगितलें होतें. त्यानें मोठ्यांचें बोलणें चोरून ऐकलें होतें. जाण्याच्या आदल्या दिवशीं रागाच्या भरांत तो आईस ‘तूं मर’ असें म्हणाला होता. आतां ती आपल्या शब्दानें मरते आहे, असें त्या दहा वर्षांच्या जिवानें एकट्यानें धरून ठेविलें होतें. त्याच्या वडिलांस शाळेंत बोलावून हें सांगितलें, तेव्हां तो भला माणूस बाकावर मट्कन् बसला. लहान मुलांस असे समज होणें ही नित्याची गोष्ट आहे. रोगाचें नांव, तो कोणास लागत नाहीं, तो कोणाच्या बोलण्यानें वा खोडीनें झालेला नाहीं, आणि आई घरीं नसतांना डबा कोण देईल व शाळेंत कोण सोडील, इतकें त्यांस साध्या शब्दांत सांगावें. शेवटची गोष्ट त्यांस सर्वांत महत्त्वाची वाटते.

उपचार संपले कीं भीति संपली, असें बाहेरच्यांस वाटतें. अनुभव उलट आहे. दवाखान्यांत जाणें चालूं असतें तोंवर कोणी तरी लक्ष ठेवून आहे असें वाटतें. तें संपलें कीं माणूस एकाएकीं उघड्यावर पडल्यासारखा होतो. पहिलीं कांहीं वर्षें दर तीन ते सहा महिन्यांनीं तपासणी असते, आणि ती तारीख जवळ आली कीं पाठींत भरलेली साधी उसणही रोगाची वाटूं लागते. वहिनी तपासणीच्या आदल्या दिवशीं घरांतील सारीं पितळेचीं भांडीं चिंच लावून घासतात. आम्ही कोणी त्यांस अडवीत नाहीं.

पुष्कळ घरांत तर खरी काळजी पैशाची असते व ती रोगाच्या नांवाखालीं लपते. मोठ्या रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेवकांचा विभाग असतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेंत कर्करोगाचे अनेक उपचार बसतात. घर गहाण टाकण्यापूर्वीं तेथें चौकशी करावी, नंतर नव्हे.

आणि दोन आठवडे झोप नाहीं, अन्न जात नाहीं, भीतीमुळें उपचारास जाणेंच टळूं लागलें आहे, अशी स्थिति झाली तर ती घरगुती धीराच्या पलीकडची समजून मानसोपचारतज्ज्ञाकडे जावें. जगण्यांत अर्थ नाहीं, सुटका करून घ्यावी, असें रोग्यानें म्हटलें तर तें हंसण्यावारी न नेतां त्यास एकटें सोडूं नये व त्याच दिवशीं डॉक्टरांस गांठावें. केंद्र सरकारनें ऑक्टोबर २०२२ मध्यें ‘टेलि-मानस’ नांवाची सेवा सुरू केली आहे. १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य बोलतां येतें, मराठींतही. हा क्रमांक रोग्याइतकाच त्याची शुश्रूषा करणाऱ्यांसाठींही आहे. आमच्या घरीं तो पहिल्यानें फिरविला तो दादांनीं, शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीं, अंगणांत जाऊन.